बेलवलीचं सिट-ईट

बेलवलीच्या विहारात मूर्तीसाठी चौथरा होता, चौथऱ्याला काळा ग्रॅनाइट होता, मागे दिव्यांची माळ होती आणि मूर्ती नव्हती. चौथऱ्यावर बुद्धांची एक तसबीर ठेवली होती. तसबीर सुरेख होती, पण एवढ्या मोठ्या चौथऱ्यावर ती पाहिली की नव्या माणसाला वाटे, कुणीतरी पुसायला म्हणून खाली काढली आणि परत टांगायचं विसरलं. त्यामुळे विहाराचे अध्यक्ष आण्णा यांनी बैठकीत बातमी सांगितली तेव्हा सगळ्यांच्या माना आधी चौथऱ्याकडे वळल्या. थायलंडहून उपासकांचं एक शिष्टमंडळ येत होतं, बरोबर भंते होते, आणि उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरची ही बेलवली या तिन्हींपैकी एका ठिकाणच्या विहाराला ते पुरुषभर उंचीची बुद्धमूर्ती दान देणार होते. एवढं ऐकून झाल्यावर सगळ्या माना दुसऱ्यांदा वळल्या, त्या सुषमाताई रोकड्यांकडे.

दुसऱ्यांदा वळायचं कारण मागच्या हिवाळ्यातलं. श्रीलंकेचे काही पाहुणे आले होते. त्यांच्याजवळ बोधिवृक्षाचं रोप होतं आणि ते बेलवलीत लावायचं जवळजवळ ठरलंच होतं. महिला मंडळाच्या अध्यक्ष म्हणून सुषमाताई दारात स्वागताला उभ्या राहिल्या. ताई अंबरनाथच्या एमआयडीसीत बिस्किटांच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या सुपरवायझर. समोरच्या पट्ट्यावरून पुडे धावत असताना कुणाची आर्जवं करायला वेळ नसतो. त्यामुळे ताईंचं मराठी हुकमी, हिंदी हुकमी, आणि इंग्रजी जे काय होतं ते तर निव्वळ हुकूमच होतं. त्यांनी सगळ्यांत वयस्कर पाहुण्याला मोठ्या प्रेमाने खुर्ची दाखवली आणि म्हणाल्या, "सिट." प्रेम मनात राहिलं, आवाज पॅकिंग खात्याचा निघाला. पाहुणा दचकला आणि खुर्ची सोडून शेजारच्या पाण्याच्या पिंपावर बसला. ताईंनी त्याच्या हातात खिरीची वाटी दिली. "ईट," त्या म्हणाल्या. बिचाऱ्याने वाटी तोंडाला लावून घटाघट संपवली, दाराकडे पाहिलं, आणि रोप अंबरनाथच्या विहाराला गेलं.

आता अंबरनाथचं अंगण मोठं, तिथे ऊन चांगलं, हेही कारण असू शकेल. पण साधं कारण लोकांना आवडत नाही. अंबरनाथच्या विहाराचे सेक्रेटरी कैलास साळवे यांनी ही हकिकत लग्नांत, बारशांत, कुणी गेल्यावरच्या जलदानविधीतसुद्धा इतक्यांदा सांगितली, की पंचक्रोशीत या विहाराला 'बेलवलीचं सिट-ईट' असं नाव पडलं. ताई कामावर जाताना शेअर रिक्षा अंबरनाथच्या विहारावरून जाई. रोपाला आता कठडा केला होता. ताई त्या वेळी दुसऱ्या बाजूला बघत असत.

"या वेळी भोजनदान आपल्याकडे आहे," आण्णा म्हणाले. आण्णा गरीब माणूस होते, कुणाला दुखवणं त्यांना जमायचंच नाही. "सकाळी ते उल्हासनगर करतील, मग अंबरनाथ, आणि जेवायला आपल्याकडे. तर मी म्हणत होतो, बोलायला आपण कैलासरावांना विनंती करू. त्यांचं इंग्रजी बरं आहे. ताई खिरीचं बघतील."

खिरीचं बघतील. ताईंच्या खिरीबद्दल दुमत नव्हतं, आणि म्हणूनच ते वाक्य त्यांना झोंबलं. आपल्या दारात आलेल्या पाहुण्याशी बोलायला अंबरनाथचा माणूस आणायचा, तोही हा, आणि आपण आत पातेल्यात पळी फिरवायची.

"मी बोलणार," ताई म्हणाल्या.

"ताई, तसं नाही..."

"मी शिकणार आणि मीच बोलणार. मूर्ती आली तर आली. नाही आली तर अध्यक्षपद सोडलं मी. लिहून घ्या."

आण्णांनी लिहून घेतलं नाही, पण चेहरा लिहून घेतल्यासारखा केला.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या वर प्रेम सरांचा इंग्रजीचा क्लास होता. खाली शिलाईच्या मशिनी चालू झाल्या की वरची बाकं थरथरत आणि काज करायचं मशीन सुरू झालं की सरांना थांबावंच लागे. प्रेम सर सिंधी. पूर्वी परदेशी गिऱ्हाइकांना जीन्स विकत, त्यामुळे इंग्रजी भाषा ही मुळात माल खपवण्यासाठी निर्माण झाली असं त्यांचं ठाम मत होतं. शनिवारी पहिल्या पाळीनंतर ताई रिक्षाने तिथे पोचल्या आणि आपलं इंग्रजी त्यांनी सरांना बोलून दाखवलं. कम. गो. फास्ट. सील. सिट. ईट.

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. "मॅडम," ते म्हणाले, "ये इंग्लिश नहीं है, ये लाठीचार्ज है."

मग त्यांनी फळ्यावर काही शब्द लिहिले. मे, कॅन, कुड, वुड, शुड, मस्ट. ही म्हणे मोडल क्रियापदं. एकटी काही कामाची नाहीत, पण दुसऱ्या क्रियापदाच्या पुढे उभी राहिली की त्याचा नूर पालटून टाकतात. ताईंना हे लगेच पटलं, कारण त्यांच्या नात्यात अशी बरीच माणसं होती.

"देखो," सर म्हणाले, "'मे आय' मतलब दरवाजे पे खटखट. 'कुड यू' मतलब हाथ जोड़ के. 'वुड यू लाइक' मतलब थाली आगे, हाथ पीछे. और ये 'मस्ट' को ताले में रखो. 'मस्ट' डॉक्टर बोल सकता है, पुलीस बोल सकती है. आप नहीं."

"वुड यू लाइक सम मोर खीर," ताईंनी म्हणून पाहिलं. जीभ जरा अडखळली, पण वाक्य उभं राहिलं.

"वा. अब सामनेवाला बोला, नो थँक यू. तो आप क्या करेंगी?"

"परत विचारणार. फिर पूछेंगे."

"नहीं साईं. खतम. एक बार नो, मतलब नो. दुबारा पूछा तो इन्सल्ट है उसका."

"और भूखा रह गया तो?"

"वो उसका प्रॉब्लेम."

खाली काज मशीन सुरू झालं म्हणून बरं, नाहीतर ताई तेव्हाच क्लास सोडून उठल्या असत्या. माणूस ताटावर बसलाय, एकदा नको म्हणाला, आणि आपण तिथेच थांबायचं. आपल्याकडे पहिलं 'नको' हे नुसतं घसा साफ करणं असतं, दुसरं 'नको' संस्कार दाखवायला असतं आणि तिसऱ्या 'नको'च्या वेळी ताटात हात आडवा येतो तेव्हा कुठे विचार करायचा, अर्धी पळी घालायची की पाऊण. पण ताईंनी स्वतःला आवरलं. मागच्या वेळी आपल्या पद्धतीने वागूनच रोप घालवलं होतं. आता इंग्रजी शिकायचं तर इंग्रजांचा उपाशीपणाही शिकायला हवा.

पुढचे काही आठवडे ताई मोडल क्रियापदांत इतक्या बुडाल्या, की ती त्यांच्या मराठीतही उतरली. त्याचा पहिला फटका कारखान्याला बसला. सोमवारी सकाळी पट्ट्यावर रविना नावाची मुलगी पुडे उलटे लावत होती. एरवी "रविना, डोळे" एवढं पुरलं असतं. ताई तिच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "रविना, तुला जमणार असेल तर पुडे सरळ लावशील का?"

रविनाचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, मला काढणारेत का?"

"नाही गं. मी विनंती करतेय."

विनंती म्हटल्यावर रविना रडायलाच लागली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत खातंभर पसरलं की कारखाना विकला गेलाय, ताईंना वरून कळलंय, पण त्या सांगत नाहीत. दुपारी मॅनेजरने ताईंना केबिनमध्ये बोलावून बीपी तपासायला पाठवलं. बीपी चांगलं निघालं. मग मॅनेजरने घरी सगळं ठीक आहे ना, असं हळूच विचारलं. ताईंना ते फार लागलं. आयुष्यभर खेकसले तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि गोड बोलले तर माझी तब्येत काढतात.

शेजारीही सल्ले द्यायला मागे राहिले नाहीत. समोरच्या भागीरथीमावशी म्हणाल्या, "विनवणीला इंग्रजी कशाला लागतंय? हात जोड, हस, वाढ." खालच्या मजल्यावरचे एक निवृत्त बँकवाले म्हणाले, की 'वुड'पेक्षा 'शॅल' घ्या, 'शॅल' राजघराण्यात चालतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जिन्यात थांबवून 'शॅल' रद्द केलं, कारण त्यांच्या जावयाच्या मते ते जुनं झालं होतं. ताईंनी दोघांनाही "थँक यू, आय मे थिंक" असं उत्तर दिलं. ते बरोबर की चूक हे बँकवाल्यांना सांगता आलं नाही, म्हणून त्यांच्या मनात ताईंबद्दल आदर निर्माण झाला.

घरी तालीम आनंदरावांवर चाले. आनंदराव म्हणजे ताईंचे यजमान. मोठा सोशीक माणूस. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी जेवताना कधी 'हो' म्हटलं नव्हतं, कारण तशी गरज पडली नव्हती. ते नको म्हणायचे आणि पोटभर जेवायचे. आता ताई ताटाजवळ उभ्या राहून विचारत, "वुड यू लाइक सम भात?" आनंदराव सवयीने म्हणत, "नको." आणि भात परत जाई. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, भात संपला असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, आपलं काहीतरी चुकलंय. आठवडाभरात त्यांच्या पँटला पट्टा लागायला लागला, तेव्हा त्यांनी मुलीला विचारलं, "मनाली, इंग्रजीत 'हो' कसं म्हणतात गं?"

इथवर सगळं घरातल्या घरात होतं. पण मनालीचं लग्न ठरलं होतं आणि वांगणीचे व्याही, मधुभाऊ, एका रविवारी तारीख धरायला जेवायला आले. ताईंनी मटण केलं होतं, आणि त्यांचं मटण म्हणजे रस्त्याने जाणारा माणूस खिडकीखाली थांबावा असं. मधुभाऊंनी पहिल्या वाढणीचं संपवलं, हात ताटातच ठेवला आणि पुढच्या आग्रहाची वाट बघू लागले.

"आपल्याला अजून रस्सा घ्यायला आवडेल का?" ताई म्हणाल्या.

या वाक्याने मधुभाऊ जरा गोंधळले, पण रीत सोडली नाही. "नको नको. लय झालं."

"बरं," ताई म्हणाल्या आणि पातेलं आत घेऊन गेल्या.

मधुभाऊ बराच वेळ रिकाम्या ताटाकडे बघत बसले. आनंदरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत एका पीडिताची दुसऱ्या पीडिताला सगळी सहानुभूती होती, पण पातेलं बायकोच्या ताब्यात होतं. पानसुपारी झाली, तारीख धरली गेली, मधुभाऊ जय भीम घालून निघाले. आणि नाक्यावरच्या गाडीवर उभं राहून वडापावमागून वडापाव खाताना भागीरथीमावशींना दिसले.

संध्याकाळी व्याहीणबाईंचा, जिजाबाईंचा, फोन आला. "सुषमाताई, राग नाय ना यायचा? आमच्या ह्यांना जेवाया बोलावलेलं का नुसतं मटण दाखवाया?"

 फोन ठेवून ताई ओट्याशी नुसत्या उभ्या राहिल्या. मुलीच्या सासऱ्याला आपल्या दारातून उपाशी पाठवलं, हे त्यांच्या सात पिढ्यांत झालं नव्हतं. "उद्या वांगणीला डबा घेऊन जाते," त्या आनंदरावांना म्हणाल्या, "पण पाहुणे येईपर्यंत क्लास सोडायची नाही. मूर्ती येऊ दे एकदा. मग मी सगळ्यांना इतकं वाढीन की उठता यायचं नाही." आनंदरावांनी ती तारीख मनात धरली.

इतकं होऊनही ताईंचा मोडल क्रियापदांवरचा विश्वास ढळला नव्हता. तो सरकारी कचेरीत ढळला. विहाराचं अंगण लहान, मांडव थोडा रस्त्यावर येणार, म्हणून परवानगी हवी होती. ताई टेबलाशी गेल्या आणि प्रेम सरांना अभिमान वाटावा अशा आवाजात म्हणाल्या, "साहेब, आपल्याला शक्य असेल तर मांडवाची परवानगी मिळू शकेल का?"

साहेबांनी वरही पाहिलं नाही. "बघू," ते म्हणाले.

इंग्रजीत 'नो'चा अर्थ कळतो, पण 'बघू'ला इंग्रजीत शब्दच नाही. ताई परत गेल्या, पुन्हा 'शकेल का' म्हणाल्या, पुन्हा 'बघू' मिळालं. तिसऱ्या खेपेला साहेब जागेवर नव्हते, खुर्चीवर रुमाल होता. कार्यक्रम परवावर आला होता. ताई रुमालासमोर उभ्या राहिल्या, साहेब चहा पिऊन येताना दिसले आणि तोंडातून आपोआप पॅकिंग खातं बाहेर पडलं. "साहेब, बसा. अर्ज घ्या. सही करा. इथे."

साहेब बसले. सही झाली. शिक्का शिपायाने पळत आणला. बाहेर आल्यावर ताईंना काम झाल्याचा आनंद झाला आणि त्यामागोमाग फार वाईट वाटलं. म्हणजे आपल्याला जमतं ते एवढंच. परवा तोंडातून हेच निघालं तर मूर्ती थेट अंबरनाथला.

म्हणून आदल्या संध्याकाळी त्यांनी महिला मंडळाला विहारात उभं केलं आणि कडक ताकीद दिली. पाहुण्याला विचारल्याशिवाय कुणी वाढायचं नाही. वाक्य एकच, 'वुड यू लाइक सम मोर'. 'येस' म्हटलं तर वाढायचं. 'नो' म्हटलं तर मागे व्हायचं. काहीच म्हटलं नाही तर थांबायचं. सगळ्या बायकांनी वाक्य पाठ केलं. भागीरथीमावशींचं 'वुड्या लायसमोर' झालं होतं, पण भाव बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी पाहुणे यायला उशीर झाला. उल्हासनगरला सत्कार लांबला, अंबरनाथला कैलासरावांचं भाषण लांबलं. ते लांबणार हे ताईंना ठाऊकच होतं, पण इतकं लांबेल असं वाटलं नव्हतं. भंते दुपारी बारानंतर जेवत नाहीत, हे पोरासोरांनाही माहीत. गाड्या बेलवलीत शिरल्या तेव्हा माध्यान्ह जवळ आली होती आणि आण्णा घड्याळाकडे बघून घामाघूम झाले होते. गाडीतून भंते उतरले, मागून थाई उपासक उतरले, त्यांच्यात पांढऱ्या कपड्यांतल्या एक ठेंगण्या आजीबाई होत्या. मूर्तीचं दान त्यांचं होतं. त्यांच्यामागून कैलासराव उतरले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण बेलवलीत आज काय होतंय हे चुकवणं त्यांच्या जिवावर आलं असावं.

ताई पुढे झाल्या. हात जोडले. "नमो बुद्धाय. मे आय वेलकम यू टु अवर विहार? वुड यू प्लीज कम इन?"

वाक्यं अशी धुतल्या तांदळासारखी बाहेर पडली, की मागून महिला मंडळाने टाळ्या वाजवल्या. आजीबाईंनी हसून मान लववली. आण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. कैलासरावांच्या हातातला मोबाइल, जो काहीतरी मजेशीर टिपायला वर धरलेला होता, तो थोडा खाली आला.

भंते ओळीने बसले. वंदना झाली, पात्रं पुढे आली. ताई खिरीचं भांडं घेऊन थोरल्या भंतेंसमोर वाकल्या आणि त्यांनी आपलं शिकलेलं सगळ्यांत सुंदर वाक्य म्हटलं. "भंते, वुड यू लाइक सम खीर?"

भंते खाली बघत बसून राहिले. काही बोलले नाहीत.

ताई थांबल्या. पुन्हा विचारणं म्हणजे इन्सल्ट. शेजारच्या भंतेंसमोर भागीरथीमावशी पुऱ्यांचं ताट घेऊन थांबल्या, तेही गप्प. पूर्ण ओळीत तोच प्रकार. बायकांच्या पळ्या हवेत, भंतेंच्या नजरा जमिनीवर, आणि मांडवात आवाज फक्त पंख्याचा. घड्याळाचा काटा मात्र थांबायला तयार नव्हता. मागून कैलासरावांची कुजबूज सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात आली. "मागच्या वेळी जबरदस्तीने खायला घातलं, या वेळी उपाशी मारतायत."

ताईंनी घड्याळाकडे पाहिलं. आता भंते उपाशी उठणार. मूर्ती गेली, अध्यक्षपद गेलं, ते जाऊ दे, पण दारी आलेला भिक्खू अन्न समोर असताना उपाशी उठणार, आणि तेही माझ्या एका वाक्यापायी. त्यांना मधुभाऊंचं रिकामं ताट आठवलं. आणि त्याच्या पाठोपाठ आठवलं ते दर पावसाळ्यात, वर्षावासाच्या ग्रंथवाचनात, स्वतःच मोठ्याने वाचलेलं वाक्य. उपासकाने तथागतांना भोजनाचं निमंत्रण दिलं, आणि तथागतांनी मौन राहून ते स्वीकारलं. दर वर्षी वाचायच्या, दर वर्षी पान उलटायच्या. मौन राहून स्वीकारलं. अरे, हे कधीचे हो म्हणतायत.

ताईंनी पाठ सरळ केली. मोडल क्रियापदं सगळी एकदम गळून पडली आणि पॅकिंग खात्याने मांडव दणाणून गेला. "वाढा गं सगळ्या. विचारू नका. भागीरथीमावशी, पुऱ्या. पलीकडून भाजी धरा. चला, हात चालवा."

आणि पट्टा सुरू झाला. पुऱ्या, भाजी, वरण, भात, खीर, एका लयीत ओळीभर पात्रं भरत गेली. ज्यांना पुरे झालं त्या भंतेंनी पात्रावर अलगद हात धरला, बायका मान लववून पुढे सरकल्या. एवढं सोपं होतं. माध्यान्हीच्या आत भोजन आटोपलं, थोरल्या भंतेंनी आशीर्वचन सुरू केलं आणि ताई खांबाला टेकून पदराने घाम पुसत उभ्या राहिल्या. भंते जेवले होते. पण एवढ्या लोकांत आपण ओरडलो हेही खरं होतं, आणि मूर्तीची आशा त्यांनी मनातल्या मनात सोडून दिली होती.

मग उपासकांची पंगत बसली. ताई आजीबाईंच्या पानाशी आल्या. आजीबाई हात हलवून हसत म्हणाल्या, "नो, नो."

प्रेम सरांच्या हिशेबाने इथे सगळं संपत होतं. पण त्या 'नो'चा सूर ताईंनी ओळखला. तो घसा साफ करणाराच 'नो' होता. थेट वांगणीचा. ताईंनी पळीभर खीर वाटीत सोडली. आजीबाईंनी पुन्हा "नो, नो" म्हणत वाटी थोडी पुढे केली. ताईंनी आणखी सोडली. आता नियम तुटलाच आहे तर नीट तुटू दे, असं त्यांच्या मनात आलं.

आजीबाईंनी खीर चाखली. मग त्यांनी ताईंच्या घामेजल्या चेहऱ्याकडे पाहिलं, त्यांचं मनगट धरलं, शेजारची जागा थापटली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सिट."

मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. ताई बसल्या. आजीबाईंनी स्वतःच्या पानातली पुरी उचलून त्यांच्या हातात दिली. "ईट," त्या म्हणाल्या. "यू कुक, यू नो ईट. ईट, ईट."

त्यांच्या दुभाष्याने संकोचून ताईंची माफी मागितली. आजींना इंग्रजी फारसं येत नाही, तिकडे त्यांच्या घरीही त्या सगळ्यांशी असंच बोलतात, असं तो म्हणाला. ताईंच्या तोंडात पुरी होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मान हलवण्यापलीकडे त्यांना काही करता येईना. महिला मंडळ आधी हसलं, मग आजीबाई हसल्या, मग आण्णा एकदाचे श्वास सोडून हसले. कैलासरावांनी मोबाइल खिशात ठेवला.

जेवण झाल्यावर आजीबाई उठल्या आणि चौथऱ्यापाशी गेल्या. ग्रॅनाइटवर हात फिरवला. मूर्ती नसतानाही रोज पुसला जाणारा दगड हाताला कळतो. त्यांनी तसबिरीसमोरची ताजी फुलं पाहिली. ताईंनी या घडीसाठी एक वाक्य महिनाभर घोटून ठेवलं होतं, त्यात 'मे' होतं, 'कुड' होतं आणि दोनदा 'प्लीज' होतं. त्या तोंड उघडणार तेवढ्यात आजीबाईंनी चौथऱ्यावर थाप मारली.

"बुद्ध कम हिअर," त्या म्हणाल्या. "मस्ट."

ताईंनी घोटलेलं वाक्य तसंच गिळलं. त्या गप्प राहिल्या आणि नुसते हात जोडले.

उन्हाळ्याच्या आत मूर्ती आली. बँडबाजा, धम्मरॅली, सगळं झालं. चौथऱ्यावर मूर्ती बसली तेव्हा भागीरथीमावशी म्हणाल्या, की चौथरा आधी जरा मोठा वाटायचा, आता बरोबर वाटतो. मनालीचं लग्नही त्याच सुमाराला पार पडलं. प्रेम सर कॅम्प तीनमधून पेढे घेऊन आले, मूर्तीला वंदन केलं आणि म्हणाले, "देखा मॅडम, मोडल का कमाल." ताईंनी त्यांना खुलासा केला नाही. गुरूला खुलासा करू नये.

मूर्ती बसली त्या दिवशीच्या पंगतीत मधुभाऊ बसले होते. ताईंनी त्यांना काही विचारलं नाही. मधुभाऊ "नको नको" म्हणत होते आणि ताट भरत होतं, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर मोठं समाधान होतं. शेजारी आनंदरावही तेच म्हणत आणि तसेच जेवत होते. त्यांच्यापलीकडे कैलासराव. त्यांनी खिरीची वाटी चाटूनपुसून साफ केली होती आणि भांड्याकडे बघत होते.

ताई त्यांच्यासमोर आल्या, थोड्या वाकल्या आणि मधासारख्या आवाजात म्हणाल्या, "कैलासराव, वुड यू लाइक सम मोर?"

"नको नको," कैलासराव रीतीप्रमाणे म्हणाले.

"शुअर," ताई म्हणाल्या आणि भांडं घेऊन पुढे गेल्या.

कैलासराव वाटीकडे बघत राहिले. ताईंनी अख्खी पंगत वाढून काढली. शेवटी ते हिरमुसून उठायला लागले, तेव्हा ताई परत आल्या.

"सिट," त्या म्हणाल्या.

कैलासराव बसले.

ताईंनी पळी बुडवली, वाटी काठोकाठ भरली. "ईट."

कैलासराव काहीच बोलले नाहीत, म्हणून ताईंनी त्यांना आणखी एक पळी वाढली.